मुर्तिनीच्या गळ्यातली सुई

मुर्तिनीचा आवाज जेव्हा जाग्यावर होता, तेव्हाच्या गोष्टी सांगत बसलो तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला आज ताडी चढली. म्हणून एकच सांगतो. क्लातेनच्या एका लग्नात तिने वरची तान अशी ओढली, की कुंपणावरचा कोंबडा लाजून खाली उतरला आणि मुकाट्याने कोंबड्यांत बसून दाणे टिपू लागला. मालकाने त्याला शेवटी कापून खाल्लं. खोटं वाटत असेल तर क्लातेनला जाऊन विचारा. मालक मेला आहे, पण विचारायला काय जातं?

आमचा ताफा जावातल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचा. 'की' प्रामुजो, म्हणजे प्रामुजोबुवा, सूत्रधार. पडद्यामागे बसून तोच राम, तोच रावण, तोच मधला विदूषक. मी दोन तोंडांचा ढोल वाजवायचो. मुर्तिनीचा नवरा सारवोको मोठ्या घंटेवर, म्हणजे अर्धा वेळ डोळे मिटून आणि अर्धा वेळ बायकोकडे कोण बघतंय ते बघत. मुर्तिनी गाणारी. आणि तिच्या मागे, तिच्याच हाताखाली शिकणारी, तरुण वेनिंग. मुर्तिनीला ती 'यू' म्हणायची, म्हणजे ताई. किती प्रेमाने म्हणायची ते ऐकूनच मला पहिल्यांदा शंका आली होती.

तर मुर्तिनीचा आवाज उतरायला लागला. आधी वरचे सूर किनारीने फाटले, मग मधले घोगरे झाले. चेहरा सुजला. भुवया बाहेरच्या टोकाला झडल्या, तिथे ती काजळाने रेघ ओढू लागली. भर उन्हात, जेव्हा आम्ही बाकीचे कलिंगडासारखे पाणी गाळत असू, तेव्हा ती लोकरीचा स्वेटर घालून बसायची. तालमीत दोन ओळींच्या मधे डुलकी लागायची तिला. आणि गळ्याच्या खालच्या बाजूला हळूहळू एक फुगवटा आला, जसा काही तिने आंबा गिळला आणि तो अर्ध्यात बसला.

मग काय विचारता! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या ताफ्यात तर प्रत्येकाच्या मनात पौर्णिमा. मुर्तिनीला वाटे, वेनिंगने काहीतरी करणी केली. सारवोकोला वाटे, प्रामुजोने केली, कारण मुर्तिनीने त्याला कधीतरी नाही म्हटलं असणार. प्रामुजोला वाटे, सारवोकोनेच केली, कारण तिने प्रामुजोला हो म्हटलं असणार. आणि बाकी सगळ्यांना वाटे ते हळू आवाजात, तोंडावर हात ठेवून बोलायचं असतं: हिच्या गळ्यात सुसुक आहे आणि ते आता उलटलं.

सुसुक म्हणजे सोन्याची सुई. केसाएवढी. मांत्रिक मंत्र म्हणत ती कातडीखाली सरकवतो. गालात घातली तर रूप, गळ्यात घातली तर आवाज. गाणाऱ्या बायका घालतात, कोणी कबूल करत नाही. ज्याच्या अंगात ती असते त्याने शेवग्याचा पाला खायचा नाही. शेवगा लागला की मंत्र विरघळतो.

म्हणून एका दुपारी वेनिंग शेवग्याच्या पाल्याचं सार घेऊन आली.

"यू, तुमच्यासाठी मुद्दाम केलं. अशक्तपणाला चांगलं."

सगळे वाजवायचे थांबले. बासरीवाल्याने तर बासरी तोंडातच ठेवली. मुर्तिनीने वाटी घेतली, वास घेतला, गोड हसली.

"किती गं माया तुझी. पण गरम आहे. अंगणात बसून पिते."

मी लघवीला उठलो होतो, तर केळीच्या मागून पाहिलं. बाईने सगळं सार केळीच्या बुंध्याशी ओतलं, ओठ पुसले आणि आत येऊन म्हणाली, "मीठ जरा कमी होतं."

तेव्हा मला कळलं. ती केळ पुढे वाकडी वाढली, पण ती गोष्ट वेगळी.

गावातल्या डॉक्टरने गळा चाचपला. फुगवट्यात एक टणक गाठ लागली त्याच्या बोटाला. म्हणाला, "कापून काढावं लागेल. आवाजाची नस तिच्या अगदी पाठीला चिकटून जाते, तेव्हा आवाजाचं मी काही सांगत नाही. पण त्याआधी सोलोच्या मोठ्या दवाखान्यात जा. तिथे गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी काढतात, काचेवर बघतात. हातातलं रक्तही तपासतील. गाठ साधी निघाली तर कदाचित कापावं लागणार नाही."

सुई म्हटल्याबरोबर मुर्तिनीचा सुजलेला चेहरा एकदम उतरला.

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मला ती म्बाह म्हणायची, म्हणजे आजोबा.

"म्बाह, तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"मी? मी तर थडगं."

"तुम्ही थडगं? तुमच्या थडग्याला खिडक्या आहेत." पण सांगितलंच. "आजीने घालून आणली होती, मी सतरा वर्षांची असताना. इथे, हनुवटीखाली कुठेतरी. घालणारा मेला, आता काढणारा कोणी नाही. त्या दवाखान्याची सुई माझ्या सुईला लागली तर? ओढून घेतली तर? मग माझ्याकडे राहिलं काय? आणि सारवोकोला कळलं तर तो मला घरात ठेवील? मशिदीत मुलांना शिकवतो तो हल्ली. म्हणतो, सुसुकवाल्या बायका सैतानाच्या भाडेकरू."

"मग नको जाऊ."

"न जाता थेट कापलं तर गळाच गेला."

इकडे आड तिकडे विहीर. ती बराच वेळ स्वेटरची बटणं लावत नि काढत बसली. मग म्हणाली, "रक्त द्यायला हरकत नाही, ते हातातून घेतात. मानेचं मात्र… तुकिनेमला विचारते."

तुकिनेम म्हणजे तिची मावसबहीण, मेर्बाबूच्या उतारावरची. त्या वरच्या गावांत जुन्या बायकांना सर्रास गलगंड असतो. पूर्वी आयोडीनवालं मीठच पोचायचं नाही तिथे. तुकिनेमच्या गळ्याला मुर्तिनीपेक्षा मोठा फुगवटा होता आणि ती तो दागिन्यासारखा मिरवायची. मानेच्या बदल्यात मान! कोण बघतंय?

सारवोकोला आम्ही सांगितलं की प्रामुजोच्या कामाला चाललो. तो आमची बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

दवाखान्यात रक्ताच्या खिडकीशी मुर्तिनीने हात पुढे केला. सुईच्या खोलीबाहेर "बू मुर्तिनी!" म्हणजे मुर्तिनीबाई, असा पुकारा झाला तेव्हा तुकिनेम उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि राणीसारखी आत गेली. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. आत डॉक्टर तियुर. बातक जमातीची बाई, सुमात्रातल्या मेदानकडची. त्या लोकांचं 'या, बसा' आमच्या कानाला 'चालते व्हा' असं लागतं. "मान वर! गिळू नका! बोलू नका!" असं ती ओरडली आणि बाहेरचे आम्ही सगळे मान वर करून, न गिळता, गप्प बसलो.

तुकिनेम बाहेर आली ती खूश. "डास चावल्यासारखं. मुर्तिनी, तुझ्या नावावर दात काढून घ्यायचा असेल तरी सांग."

निकालाच्या दिवशी मुर्तिनी आणि मी दोघंच गेलो. डॉक्टर तियुरने मुर्तिनीकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, मानेकडे. मग खुर्ची मागे सारली.

"ही मान माझी नाही."

"इंग्गिह," मुर्तिनी म्हणाली. आमच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. इंग्गिह म्हणजे हो. हो म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं, ही आमची रीत.

"मला तुमचं इंग्गिह नको! तुम्हा जावाकडच्यांचं हो कधी हो असतं का? चेहरे मी रोज विसरते, बाई, मान विसरत नाही. मी सुई घातली त्या मानेवर डावीकडे तीळ होता. तो तीळ काय बाजाराला गेला?"

मुर्तिनी फरशीकडे बघू लागली. मी छताकडे.

"दोन दिवस माझी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत तुमच्यापायी," डॉक्टर टेबलावर बोट आपटत म्हणाली. "काचा रंगवणारा म्हणतो, रक्तवाल्याने बाटली बदलली. रक्तवाला म्हणतो, त्याने काच बदलली. मी दोघांवर संशय घेतला. का? रक्त म्हणतंय, या बाईच्या अंगातले शिपाई तिच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर तुटून पडलेत. शिपायांनी तिच्याविरुद्ध जी हत्यारं घडवली ती रक्तात मोजता येतात. ती इतकी आहेत, की मी दोनदा मोजायला लावली. ग्रंथी मार खाऊन पेंगते आहे, म्हणून बाई पेंगणार, सुजणार, थंडीने कुडकुडणार. आणि काच बघते तर एक शिपाई नाही! संथ तळं. मिठावाचून होतो तो साधा गलगंड. एकाच गावात लढाई पेटली आहे आणि त्याच गावात सगळे दुपारचे घोरताहेत, हे कसं? आणि ती जी बाई आली होती, ती जिने चढून माझ्या नर्सला भाताच्या पिकाचं सांगत बसली होती. ती कुठे आणि हा स्वेटर कुठे!"

अशा वेळी खरं बोलण्याशिवाय इलाज नसतो. मुर्तिनी पुढे वाकली आणि डॉक्टरच्या कानाशी कुजबुजली.

"सोनं?" डॉक्टर तियुर गरजली.

बाहेरच्या बाकावरच्या साऱ्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

डॉक्टरने दार लावलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं, तिने आवाज खाली आणला. "माझ्या सख्ख्या आत्याच्या गालात दोन होत्या. दाताच्या फोटोत दिसल्या. फोटो काढणारा देवाचं नाव घेत पळाला. मी हसणार नाही तुम्हाला. पण ऐका. पडद्यावर बघत बघत मी सुई घालते. तुमची सुई जिथे असेल तिथून लांब राहीन. मला तुमचं सोनं नको, गाठीतल्या चार पेशी हव्यात. त्या मिळाल्या नाहीत तर तो गावचा डॉक्टर कापणार, आणि मी त्याला थांबवू शकणार नाही."

"शपथ घ्या," मुर्तिनी म्हणाली.

"कोणाची?"

"तुमच्या आत्याची."

घेतली बाईने. पण परतीच्या बसमध्ये मुर्तिनी माझ्या कानाशी लागली. "आत्या मेली असेल तर शपथेला काय अर्थ? विचारायचं राहिलं."

तिसऱ्या खेपेला सारवोको सोबत आला. विचारलं नव्हतं कोणी. "सोलोला जाऊन जाऊन रस्ता झिजवलात," म्हणाला, "मी पण बघतो काय आहे तिथे." बसमध्ये तो आमच्या दोघांच्या मधे बसला. माझ्यासारख्या ऐंशीच्या म्हाताऱ्यावर कोणी असा संशय घेतला, की छाती जरा फुगते, खोटं कशाला बोलू.

खोलीतही तो आत घुसला. मुर्तिनी आडवी झाली, मान मागे. तिचे हात पांढरे पडले होते. डॉक्टरने थंड डिंकासारखं काहीतरी तिच्या गळ्याला फासलं आणि त्यावरून ते यंत्राचं बोंडकं फिरवलं. पडद्यावर राखी धुकं. धुक्यात गाठ. मग बोंडकं वर हनुवटीकडे सरकलं आणि मी पाहिलं: धुक्यात एक बारीक, लखलखीत रेघ. शुक्राची चांदणी ताणून ठेवल्यासारखी.

सारवोको पुढे वाकत होता.

"तुम्ही!" डॉक्टर ओरडली. "नवरा ना? मग बायकोचे पाय धरा! दोन्ही! हलली तर सुई श्वासनळीत जाईल. आणि पायांकडेच बघा, मला घामट चेहरे आवडत नाहीत!" बोलता बोलता तिने कोपराने पडदा भिंतीकडे वळवला.

सारवोको आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या पाया पडला होता. मी हसू दाबायला खोकलो.

"आहे तिथे आहे," डॉक्टर मुर्तिनीच्या कपाळाशी वाकून पुटपुटली. "माशाचा काटा म्हणू आपण त्याला. आता गिळू नका. आणि गाऊ तर मुळीच नका."

सुई आत गेली, जराशी मागेपुढे झाली, बाहेर आली. काचेवर एक लालसर थेंब, दुसरी काच त्यावरून घासली, झालं. मुर्तिनीच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. ती उठून बसली आणि आधी हनुवटीखाली चाचपून पाहिलं, मग गाठीवरचा कापूस.

"काय गं शोधतेस?" सारवोको.

"कान आहेत का बघते. ही बाई इतकी ओरडते."

या वेळी काच आणि रक्त, दोघांची साक्ष जुळली. काचेवर शिपायांची ही झुंबड, आणि त्यांच्या मधे मार खाऊन सुजलेल्या गुलाबी पेशी. गाठ साधीच, त्याच लढाईची. कर्करोगाचं नाव नाही. कापायचं नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, ग्रंथीला जे बनवता येत नाही ते बाहेरून.

"पण हे पाठवलं कोणी?" मुर्तिनीने विचारलं.

"कोणी नाही. तुमचेच शिपाई आहेत."

"माझे? मी त्यांचं काय घोडं मारलं?"

 डॉक्टर ख्रिस्ती, आमच्या बाहुल्यांच्या कथा तिला कुठून ठाऊक! मी म्हटलं, "अगं, कौरव पांडव तरी कोण होते? भाऊबंदकी झाली तुझ्या गळ्यात."

"मला वाटलंच होतं," सारवोको दात आवळून म्हणाला, "आतलंच कोणीतरी असणार." आणि घरी आल्यावर आठवडाभर तो प्रामुजोशी बोलला नाही.

पहिली गोळी मुर्तिनीने मला खायला लावली. मी संध्याकाळपर्यंत मेलो नाही, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः घेऊ लागली. हळूहळू सूज ओसरली. स्वेटर पेटीत गेला. भुवया परत उगवल्या. कापायचा विषय निघाला नाही आणि एका दुपारच्या तालमीत, चहा यायच्या आधी, तिचा आवाज परत आला.

परत आला, पण अर्धा म्हणा. खालचे सूर आधीपेक्षा गोड, जाड मधासारखे. मधले सूर जागच्या जागी. वरचे मात्र नाहीत. ती चढायची, चढायची, आणि शेवटच्या पायरीशी नुसती हवा. आता आमची वाद्यं पितळेची. ओतताना जो सूर ठरला तो ठरला, गाणाऱ्या बाईसाठी घंटा खाली उतरत नाही. तिने खाली उतरायचं, नाहीतर गप्प बसायचं. प्रामुजोने मान खाली घालून सांगितलं, "वरची गाणी वेनिंग घेईल. खालची तुझी."

"इंग्गिह," मुर्तिनी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन सोलोला निघाली.

डॉक्टर तियुर तिला बघून खूश झाली. "ही मान ओळखते मी!"

"बू डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी थोडं जास्त काढलंत का?"

"काय जास्त?"

"माझे वरचे सूर."

मला वाटलं आता छप्पर उडणार. पण डॉक्टर ओरडली नाही. म्हणाली, "वर्षभर घशातल्या दोऱ्या पाण्यात भिजून जाड झाल्या होत्या. वयही झालंय तुमचं. परत येतील, न येतील. मी पेशी बघते, आवाज विकत नाही. पण मी काढलं तेवढं सगळं इथे आहे. या, बघा स्वतः."

तिने भिंतीशी असलेलं लोखंडी कपाट उघडलं, आतून एक काच काढून यंत्राखाली ठेवली आणि मुर्तिनीला स्टुलावर बसवलं. मुर्तिनीने एक डोळा मिटून दुसरा लावला.  मग मला बघू दिलं. जांभळ्या ठिपक्यांचा पूर होता. लग्नाच्या मांडवात जेवणावर तुटून पडलेल्या पाहुण्यांसारखे खांद्याला खांदा लावून उभे. त्यांच्यात कुठेकुठे मोठे, गुलाबी, गोंधळलेले, यजमानासारखे.

मुर्तिनी पुन्हा वाकली. "यातला गाणारा कोणता?"

 डॉक्टरने चष्मा काढून पदराने पुसल्यासारखा कोटाने पुसला.

"यात सोनं नाही ना?"

"नाही. शपथेवर सांगते."

"आत्या जिवंत आहे?"

"आहे की! रोज मला फोन करून शिव्या देते."

"मग मला ही काच द्या. माझीच आहे ना ती? माझ्या गळ्यातली?"

"देता येत नाही, बाई. दवाखान्याचा नियम आहे. वर्षानुवर्षं जपून ठेवावी लागते."

"इंग्गिह," मुर्तिनी म्हणाली. अगदी लवून, हसून म्हणाली.

डॉक्टरने काच परत ठेवली, कपाटाला किल्ली फिरवली, किल्ली कोटाच्या खिशात टाकली. मुर्तिनीने ते सगळं पाहिलं.

बाहेर फाटकाशी आम्ही तांदळाच्या शेवया खायला बसलो. मुर्तिनीने अर्धी वाटी संपवली, तिखट मागवलं, उरलेली खाल्ली, आणि खालच्या सुरात, त्या नव्या, जाड, गोड आवाजात मला म्हणाली:

"म्बाह, सोनं नाही, तर कुलूप कशाला?"